पंधराच्या डब्याचे दर: परळ, मस्जिद बंदर आणि कल्याण यांची तुलना कशी करावी?

परळकरीण:
नमस्कार मंडळी. परळला आमचे छोटे पोळीभाजी केंद्र आहे. गेल्या वर्षभरापासून मी दर शनिवारी परळ, दादर, मस्जिद बंदर आणि कल्याण येथील सूर्यफूल तेलाच्या पंधराच्या डब्याचा दर वहीत लिहून ठेवते. कल्याणचा दर नणंद फोनवर कळवते. तिथला दर जवळजवळ नेहमीच कमी दिसतो, म्हणून आम्ही तिथून डबे आणू लागलो, पण ते लवकर संपतात. आधी मी कढईला दोष दिला आणि मग स्वयंपाकाच्या मावशींना, ज्याचे आता वाईट वाटते. वहीतल्या आकड्यांना काही अर्थ आहे का, आणि नोंद ठेवण्याची योग्य रीत कोणती?

वजनकाटा:
ताई, डब्याच्या बाजूला छापलेले बारीक अक्षर आधी वाचा. 'पंधराचा डबा' म्हणून बाजारात दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात: एक १५ किलोचा, दुसरा १५ लिटरचा. लिटरभर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलोच तेल असते. समजा, परळला १५ किलोचा डबा २,४०० रुपयांना आहे आणि कल्याणला १५ लिटरचा २,२५० ला. दीडशे रुपये वाचल्यासारखे वाटते, पण किलोमागे परळला १६० रुपये पडतात आणि कल्याणला जवळपास १६५.

लिटरमध्ये आणखी एक मेख आहे. तेल तापले की फुगते, त्यामुळे लिटर तेवढाच राहून वजन घटते. सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम भरतो, तर ६० अंशांना ८९२.६. काही उत्पादक वेष्टनावर जास्तीचे तापमान छापून याचा फायदा घेत असत. अखेर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत देऊन तापमानाचा उल्लेख काढायला लावला. तेव्हा वहीत किलोचाच भाव लिहावा. लहान पिशव्या घेत असाल तर विशेष सांभाळा, कारण ठरावीक मापांचे बंधन उठल्यापासून ८०० आणि ८५० ग्रॅमच्या पिशव्याही लिटरच्या पिशवीशेजारी मांडलेल्या असतात.

मस्जिदबंदरचा_जुना_कारकून:
वरील उत्तर बरोबर आहे, पण एवढ्याने भागणार नाही. घाऊक बाजारात मुंबईचा भाव दहा किलोमागे बोलला जातो आणि त्यात डबा व ५ टक्के जीएसटी धरलेला असतोच असे नाही. किरकोळ दुकानदार मात्र सगळे मिळून एकच आकडा सांगतो. रिकामा डबा परत घेतला की काही जण बिलातून रक्कम वजा करतात, हमाली कुठे वेगळी लागते, उधारीचा दर वेगळा असतो. म्हणून चारही ठिकाणी तोच छाप, तेच तेल, रोखीचा आणि डब्यासकटचा दर विचारावा.

नोंदीचा दिवस एकच ठेवता हे उत्तम. १४ सप्टेंबर २०२४ रोजी कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १६.५ टक्क्यांवर आले. अशा आठवड्यांत ज्याच्याकडे जुना माल पडून आहे त्याचा दर वेगळा आणि ज्याने कालच माल उचलला त्याचा वेगळा असतो. तो फरक गावागावांतला नसून गोदामाचा असतो, म्हणून असे आठवडे वहीत खूण करून सरासरीतून वगळावेत.

आकडेमोडे:
ताळा म्हणून ग्राहक व्यवहार विभागाचे रोजचे दर पाहावेत. १ ऑगस्ट २०२४ पासून तिथे २२ ऐवजी ३८ जिन्नसांची नोंद होते. त्यांत वेष्टनबंद खाद्यतेले आहेत आणि केंद्रांत मुंबईही आहे. आपल्या डब्याचा नेमका भाव तिथे सापडणार नाही, पण वहीतला चढउतार खरा आहे की एका दुकानदाराचा, हे कळते.

परळकरीण:
सर्वांचे आभार. नणंदेने डब्याचा फोटो पाठवला: १५ लिटर. आमच्याकडचा परळचा डबा १५ किलोचा आहे. वर्षभराची वही किलोच्या भावात पुन्हा मांडायला बसले आहे आणि आतापर्यंतच्या नऊ आठवड्यांपैकी सातांत कल्याणच महाग निघाले. त्यात लोकलमधून डबा आणणाऱ्या मुलाची मजुरी मी अजून धरलेलीच नाही. मावशींना काल सगळे समजावून सांगितले. त्यांनी लाटणे न थांबवता 'मग?' एवढेच विचारले.