चर्चा धागा: हात न हलवता हाताचा सराव होतो का?

रियाजी
माझ्या एका विद्यार्थिनीच्या हाताला प्लास्टर आहे म्हणून तिचा पेटीचा क्लास महिनाभर बंद ठेवणं मला पटत नाही. मनातल्या मनात बोटं फिरवली तरी सराव होतो. 1995 मध्ये मेंदूसंशोधक पास्कुअल-लिओने यांच्या गटाने पियानो न येणाऱ्यांना पाच बोटांचा धडा दिला, रोज दोन तास, पाच दिवस. काहींनी तो वाजवला, काहींनी फक्त मनात घोकला. घोकणाऱ्यांच्याही मेंदूतला बोटांचा नकाशा (बोटं हलवणारा भाग) विस्तारला, आणि पाचव्या दिवशी त्यांची अचूकता वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतकी होती.

मेरुदंड
म्हणजे पाच दिवस घालवून तीन दिवसांचं पदरात! शिवाय जे बदललं ते मेंदूत. ‘मनातला सराव थेट नसांपर्यंत पोचतो’ असं सर्रास सांगतात, ते मला मान्य नाही. 1997 मध्ये कासाई आणि सहकाऱ्यांनी मनगट वाकवण्याची नुसती कल्पना करायला लावली. मेंदूला दिलेल्या चुंबकीय उत्तेजनेला स्नायूचा प्रतिसाद वाढला, पण मज्जारज्जूची परीक्षा घेणारा एच-रिफ्लेक्स (नसेला झटका दिल्यावर मज्जारज्जूतून वळून स्नायूत उमटणारा प्रतिसाद) होता तसाच राहिला.

फिजिओ_सांगली
मेरुदंड, एच-रिफ्लेक्स संवेदी तंतूंमार्गे फिरून येतो. तो मार्ग वाटेतच दबला, तर पुढच्या चेतापेशी सतर्क झालेल्या असूनही आकडा हलत नाही. एफ-वेव्हचं तसं नाही. मनगटाशी मीडियन नसेला जोरदार झटका दिला की काही संदेश कारक तंतूंवरून उलटा मज्जारज्जूत जातो, तिथल्या मोजक्याच चेतापेशी परत पेटतात आणि अंगठ्याच्या स्नायूत बारीक लाट उमटते. जपानमधल्या प्रयोगांत चिमटीने ठरावीक जोर लावायची कल्पना करताना ही लाट जास्त वेळा दिसली आहे.

मेरुदंड
मोजक्याच पेशी, म्हणूनच ती दर झटक्याला बदलते. आणि समजा पेशी सतर्क झाल्या, तरी त्याने अचूकता कशी येणार? चिमटीत नेमका जोर ठेवायचा तर नको ते स्नायू गप्प बसवावे लागतात. सतर्कता वाढली म्हणजे नेम सुधारला, हे सिद्ध करून दाखवा. पक्षाघाताच्या 121 रुग्णांवरच्या 2011 च्या चाचणीत मनातल्या सरावाने हात जास्त सुधारला नाही, हेही लिहा की!

फिजिओ_सांगली
सतर्कता आणि नेम एक नाहीत, ही हरकत रास्त आहे. पण 2007 च्या 32 रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला होता. तिथे थेरपीत हाताने केलेल्याच हालचाली नंतर मनात करवून घेतल्या होत्या. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. जी हालचाल शरीराला माहीतच नाही, ती रुग्ण मनात तरी कशी करणार?

रियाजी
पियानोच्या प्रयोगातही तेच झालं. मनात घोकणाऱ्यांना शेवटी दोन तास प्रत्यक्ष वाजवायला दिलं, तेवढ्यात ते पाच दिवस वाजवणाऱ्यांच्या बरोबरीला आले. मेरुदंड, नसांचा वाद तुम्ही चालू ठेवा. प्लास्टर असलेल्या मुलीला मी क्लासला बोलावणारच, आणि तिला येत असलेलेच अलंकार (सुरांचे पलटे) मनात घोकायला देणार.