नाटकाच्या पेपरसाठी प्रयोग बघणं कंपल्सरी आहे, अप-डाऊनवाल्यांनी काय करायचं? मदत हवी आहे

नमस्कार, मी टीवायबीएला आहे, मराठी स्पेशल. कॉलेज जळगावला, गाव धरणगावच्या पुढे, रोज एसटीने येणं-जाणं. यंदा नाटकाचा पेपर आहे आणि सरांनी पहिल्याच तासाला नियम सांगितले. हजेरी ७५ टक्के, दहा मिनिटांनंतर वर्गात घेणार नाहीत, संहिता घरून वाचून यायची, पुस्तक हातात पाहिजे, मोबाईलवरची पीडीएफ चालणार नाही. प्रत्येकाने एक तरी प्रवेश उभं राहून वाचायचा. आणि सेमिस्टरमध्ये एक पूर्ण नाटक प्रत्यक्ष जाऊन बघायचं, तिकीट जोडून रसग्रहण द्यायचं, यूट्यूबवरचं धरणार नाहीत.

नियम मला पटतात. १८४३ च्या 'सीता स्वयंवर'पासून सुरुवात करून आता आम्ही १९७० च्या 'नटसम्राट'वर आलोय आणि मागच्या आठवड्यात मी कावेरीचे संवाद वाचले. घरी तीनदा वाचून गेले होते तरी एका छोट्याशा वाक्याआधी किती थांबायचं ते उभी राहिल्यावरच कळलं. पण माझ्या तोंडात ळ चा य होतो, 'डोळे'चं 'डोये' झालं आणि मागचे हसले, त्यानंतर माझा आवाजच बसला. उच्चाराचे मार्क कापतात का?

खरी अडचण प्रयोगाची. राज्य नाट्यस्पर्धेचे प्रयोग जळगावला होतात, पण ते संध्याकाळी, आणि आमच्या गावाची शेवटची गाडी साडेसातला. त्यात दिवाळीनंतर कापूस वेचणी, मजूर मिळत नाही, आई एकटी किती वेचणार. पप्पा म्हणतात रात्री कोणाच्या भरवशावर थांबशील.

दुसरं म्हणजे आमच्या यात्रेत दरवर्षी तमाशा येतो, गण-गवळण, बतावणी, मग पहाटेपर्यंत वग, म्हणजे तमाशातलं नाटक. लहानपणापासून आजोबांच्या शेजारी बसून बघितलाय. त्याचं रसग्रहण चालेल का? सुपारी गाव देतं, त्यामुळे तिकीटच नसतं.

प्रतिसाद:
ताई, मी पारोळ्याहून अप-डाऊन करायचो, हाच पेपर होता. सरांना तोंडी सांगू नको, गाडीची वेळ लिहून अर्ज दे, विभागप्रमुखांची सही घे. जळगावात राहणाऱ्या मैत्रिणीकडे एक रात्र थांब, चार-पाच जणी मिळून जा, तिच्या आईला पप्पांशी फोनवर बोलू दे, माझ्या बहिणीचं तसंच जमलं. स्पर्धेचं तिकीट फार नसतं.
ळ चं टेन्शन घेऊ नको, अहिराणी घरात असलेल्या सगळ्यांचं होतं. प्रवेशातल्या प्रत्येक ळ ला पेन्सिलने गोल कर आणि मोठ्याने वाच, जीभ वर वळते की नाही बघ. मला महिना लागला. घरी मात्र डोयाच म्हण.
वगाचं नक्की विचार. त्यात संवाद बरेचदा आयत्या वेळी रचतात, संहिता हातात नसते, म्हणून सोंगाड्या काय बोलला, लोक कुठे हसले, ते त्याच रात्री वहीत उतरवून ठेव.

धन्यवाद दादा, अर्ज उद्याच देते. तिकिटाच्या जागी यात्रा कमिटीचं पत्र जोडलं तर चालेल का, असं कोणी केलंय का?