११ फूट रुंद, ६४ फूट लांब जागेत घर: जिना आणि चौक कुठे घ्यावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात जुन्या पेठेत आमची वडिलोपार्जित जागा आहे. रुंदी ११ फूट, लांबी ६४. टंकनदोष नाही, अकराच फूट. वाड्याची वाटणी झाली तेव्हा प्रत्येक भावाला रस्त्याला तोंड हवं होतं, म्हणून वाडा उभा चिरला. आमच्या वाट्याला दक्षिणेची पट्टी आली. तिच्यातलं जुनं बांधकाम पावसात बसायला लागलं, ते उतरवून घेतलं. आता तिथे तळमजला अधिक एक असं घर बांधायचंय. आम्ही चौघं आणि आई. आईचे गुडघे गेलेत, त्यामुळे तिची खोली खालीच हवी. बजेट पस्तीस लाखांच्या आसपास.

रस्ता पूर्वेला, मागे तीन फुटी बोळ. उत्तरेला चुलतभावाची दुमजली आरसीसी इमारत, हद्दीला खेटून. दक्षिणेला शेजारच्या काकांचं एकमजली कौलारू घर, भिंत दगडमातीची, चांगली दीड-दोन फूट जाड. त्यांच्या दोन खिडक्या आमच्या जागेत उघडतात, रस्त्यापासून साधारण वीस आणि सव्वीस फुटांवर. आई लग्न होऊन आली तेव्हाही त्या होत्या म्हणे, कारण तिथे पूर्वी वाड्याचं मोकळं अंगण होतं. त्यांच्या कौलांच्या पागोळ्याही आमच्याकडे पडतात. जमिनीत बोटभर खोल खळग्यांची सरळ ओळच उमटली आहे. मोजणीवाल्यांनी हद्दीची खुंटी ठोकली ती त्या ओळीच्या पलीकडे, काकांच्या भिंतीला चिकटून. काका बघत उभे होते, काही बोलले नाहीत. मीही नाही.

आमच्या इंजिनिअरांचं म्हणणं, दाट वस्तीत बाजूला जागा सोडायची सक्ती नाही, राज्याच्या २०२० च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीप्रमाणे हद्दीपर्यंत बांधता येतं, तेव्हा इंचही सोडू नका. त्यांनी नकाशा दिलाय तो असा: दोन्ही बाजूंना नऊ इंची भिंती, आत गिलावा धरून ९ फूट ४ इंच. पुढे हॉल, मग वळणाचा जिना आणि त्याला लागून संडास-बाथरूम, मग स्वयंपाकघर, शेवटी आईची खोली. कागदावर सगळं बसतं. पण हॉलची खिडकी रस्त्यावर, आईची बोळात आणि मधल्या तीस-पस्तीस फुटांत भर दुपारी ट्यूबलाइट. पुढून मागे जायचं तर जिन्याच्या कडेने अडीच फुटी फटीतून.

माझ्या डोक्यात मधे उघडा चौक आहे. इंजिनिअर म्हणतात, साठ-सत्तर चौरस फूट फुकट जातील. बायको म्हणते, अकरा फुटांत चौक म्हणजे हौसच आहे, पावसाचं पाणी आणि कबुतरं कोण आवरणार? तिचंही चूक नाही, पुसायचं कुणाला लागतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

तर चौक घ्यावा का, घेतला तर कुठे, आणि जिना कसा फिरवावा? पाया खणताना काकांची भिंत ढासळणार नाही ना, ही धास्ती वेगळीच. अशा चिंचोळ्या जागेत प्रत्यक्ष राहणाऱ्यांनी जरूर लिहा. आणि कृपया वॉर्सातल्या त्या अतिअरुंद केरेत हाऊसचे फोटो टाकू नका. रुंदात रुंद जागी ते १५२ सेंटिमीटर आहे हे मला कळलंय, सगळ्या मित्रांनी पाठवून झालंय.

प्रतिसाद: सरळ चुलतभावाला विका आणि शाहूपुरीत फ्लॅट घ्या. अकरा फुटांत बांधणं म्हणजे पैसे पुरणं.

धागाकर्ता: विकायची नाही. आई पेठ सोडणार नाही. विषय संपला.

प्रतिसाद: मी स्ट्रक्चरल डिझाइन करतो, म्हणून आधी सांगाड्याचं. नकाशात कॉलम किती रुंद दाखवलेत ते बघा. भिंतीत लपावेत म्हणून नऊ इंची, म्हणजे २३० मिमी असतील, तर बदलून घ्या. तुमचा भाग कोयनेच्या जवळचा, १९६७ चा भूकंप आईंना आठवत असेल. आयएस १३९२०, म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या आरसीसी बांधकामाचं भारतीय मानक, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची किमान बाजू ३०० मिमी आहे. म्हणजे कॉलम आत डोकावणार. डोकावू दे. भिंती नऊऐवजी सहा इंची ब्लॉकच्या घ्या आणि दोन कॉलमांच्या मधे जो अर्ध्या फुटाचा खण मिळेल त्यात फडताळं करा. अशा घरात कपाट पुढे आलं की चालायची वाट गेली, त्यामुळे सामान भिंतीतच जिरवायचं.

दोन्ही शेजाऱ्यांपासून निदान दोन-दोन इंच सोडा. हलताना इमारती एकमेकींवर आपटू नयेत म्हणून. एवढं करूनही कॉलमांच्या मधे साडेआठ फूट राहतात. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान रुंदी २.४ मीटर आहे, म्हणजे आठ फुटांच्या आत, तेव्हा तुम्ही बसता. शेजाऱ्यांच्या आणि तुमच्या भिंतींमधल्या या दोन इंची सांध्यात बाहेरून गिलावा कधीच करता येणार नाही, म्हणून वरून पत्र्याची पट्टी मारून सांधा झाका. नाहीतर पहिल्याच पावसात आतल्या रंगाला पोपडे.

पाया: कॉलम हद्दीवर आल्यामुळे फूटिंग (कॉलमखालचा पसरट पाया) शेजारी पसरवता येत नाही. समोरासमोरच्या दोन कॉलमांना मिळून आडवं एकच फूटिंग करून घ्या. काकांच्या भिंतीलगत सलग चर खणू नका. चार-पाच फुटांचा तुकडा खणा, भरा, मग मधलं सोडून पुढचा. आणि हे सगळं मेअखेर उरकलं पाहिजे, उघड्या चरात पाऊस भरला तर दगडमातीची भिंत कुणाचं ऐकत नाही. कामाआधी तिच्या भेगांचे तारखेसह फोटो काढून काकांना दाखवून ठेवा.

प्रतिसाद: मी पुण्यात पेठेतल्या बारा फुटी घरात वाढले, आता हेच काम करते. वळणाचा जिना काढून टाका. त्याला साडेसहा फूट रुंदी लागते, मग तुमच्याकडे उरतं काय? सरळ एकाच दमाचा जिना घ्या, उत्तरेच्या भिंतीला लागून. तिकडे चुलतभावाची इमारत आहे, उजेड येणारच नाही, ती भिंत जिन्याला द्या. मजल्याची उंची साडेदहा फूट धरली तर सात इंची अठरा पायऱ्या, पाऊल ठेवायला प्रत्येकी दहा इंच, जिन्याची लांबी सव्वाचौदा फूट. जिन्याला तीन फूट गेले की शेजारी साडेपाच-सहा फूट उरतात. तोच तुमचा चौक. पायऱ्या लोखंडी सांगाड्यावर आणि मधून मोकळ्या ठेवा, म्हणजे उजेड अडत नाही. चौकाच्या एका टोकाला हॉल, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर, दोन्ही खोल्या चौकाकडे उघडतात.

आता जागा. हॉल सोळा-सतरा फुटांचा केलात तर चौक येतो रस्त्यापासून सतरा ते एकतीस फुटांत. काकांच्या खिडक्या वीस आणि सव्वीसवर आहेत ना? १८८२ च्या इझमेंट (सुविधाधिकार) कायद्याप्रमाणे वीस वर्षं विनाअडथळा मिळालेल्या उजेडावर त्यांचा हक्क लागू शकतो. वकिलाला कागद दाखवाच. पण खिडक्यांसमोर मोकळी जागाच सोडलीत तर भांडायला विषयच उरत नाही, शिवाय त्यांचंही घर उजळ राहतं.

थेट उन्हावर मात्र भिस्त ठेवू नका. आज काका एकमजली आहेत, उद्या त्यांचा मुलगा तीन मजले चढवेल. डिसेंबरात साताऱ्यात भर माध्यान्हीलाही सूर्य एकोणपन्नास अंशांच्या आसपासच चढतो, तीस फुटी भिंतीची सावली तुमची सगळी रुंदी ओलांडून जाईल. आकाशाचा उजेड पकडायचा, म्हणून चौकाच्या भिंती पांढऱ्या आणि फरशी फिकट.

एक राहिलं. या जिन्यावरून गोदरेजचं कपाट वर जाणार नाही. ॲमस्टरडॅमच्या अरुंद घरांना माथ्यावर सामान ओढून घ्यायला आकडा असतो, तसा गच्चीच्या बीमला दणकट हुक आत्ताच टाकून घ्या आणि वरची रस्त्याकडची खिडकी पूर्ण निघणारी करा.

धागाकर्ता: खिडक्यांचा आणि चौकाचा मेळ माझ्या लक्षातच आला नव्हता. कागदावर आखून पाहिलं, दोन्ही खिडक्या चौकातच येतात. आई खूश आहे, तुळशीला जागा मिळाली. बायको अजून कबुतरांवर अडून आहे. चौकावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा घालावा की नुसती जाळी?

प्रतिसाद: दोन्ही. पत्रा गच्चीच्या कठड्याहून दीड फूट वर उचला आणि ती दीड फुटाची फट चारी बाजूंनी बारीक जाळीने बंद करा. गरम हवा तिथून निघून जाते, कबुतरं बाहेर राहतात. पत्रा बंद बसवलात तर एप्रिलमध्ये जिन्यावर उभं राहवणार नाही. थोडा फवारा आत येईल, म्हणून चौकाची फरशी दोन इंच खाली आणि पाणी जायला जाळीची मोरी ठेवा. आणि काकांच्या पागोळ्यांना पन्हळ तुमच्या खर्चाने लावून द्या, पण काम सुरू व्हायच्या आधी.