मदत हवी आहे: चक्रध्यानात अनाहताशी (छातीजवळच्या चक्राशी) येऊन अडलोय

वय ५२, मुक्काम देवगडजवळ. बीपीची रोज एक गोळी चालू. डॉक्टरांनी योगाला हो म्हटलंय, पण श्वास रोखायचा नाही, जोराने घ्यायचा-सोडायचा नाही आणि डोकं खाली जाईल असं काही करायचं नाही. म्हणजे कुंभक (श्वास धरणं), कपालभाती, भस्त्रिका, शीर्षासन, सर्वांगासन बाद.

चार महिने रोज पहाटे ताडासन, मार्जारासन, मग दहा मिनिटं अनुलोम-विलोम आणि भ्रामरी. कंबर मोकळी झाली, झोप सुधारली. पावसात पडवीतली सतरंजी ओलसर लागते, पण खंड नाही.

अडलंय चक्रध्यानात. कण्याच्या तळाशी असलेल्या मूलाधारापासून एकेका चक्राचा बीजमंत्र (एकाक्षरी मंत्र) म्हणत वर येतो: लं, वं, रं. नाभीजवळच्या मणिपूरपर्यंत ठीक. अनाहताशी यं म्हणायला लागलं की छाती भरून येते आणि चक्क रडू फुटतं. दुखत नाही, धाप लागत नाही. ईसीजी काढला, नॉर्मल आला. (यंदा आंबा गेला त्याचं रडू असेल म्हणा!) एका शिबिरात सांगितलं, 'चक्र उघडतंय, श्वास धरून ठेवा.' ते काही पटलं नाही. माझ्या लेखी चक्रं म्हणजे लक्ष ठेवायच्या जागा, कापून दिसणारे अवयव नव्हेत.

कणकवलीला रोज क्लासला जाणं जमणार नाही. गोळी बंद करा असं कृपया सुचवू नका.

कुंभकाशिवाय हे करणाऱ्यांना विचारतो: रडू आलं की अनाहतावरच थांबायचं, की हं म्हणत गळ्याजवळच्या विशुद्धाकडे सरकायचं? आणि बीजमंत्र मोठ्याने म्हणायचे की मनात?