विनोदाला दुय्यम का मानले जाते?

प्रश्न
माझे वडील वर्षभर अंथरुणाला खिळले आहेत. ते स्वतःच्या आजारावरच विनोद करतात, आम्ही मनापासून हसतो आणि नंतर मला अपराधी वाटत राहते. रोज संध्याकाळी मी त्यांना विनोदी कथा वाचून दाखवते. आमच्या वाचकगटात मात्र, विनोद हा घटकाभरचा विरंगुळा आहे, गंभीर साहित्याच्या पंक्तीला तो बसत नाही, असे ठामपणे सांगितले गेले. हे मत मला पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १
नाट्यशास्त्रात भरताने हास्याला करुण आणि वीर यांच्याच बरोबरीने आठ रसांमध्ये स्थान दिले आहे. स्मितापासून अतिहसितापर्यंत त्याचे सहा प्रकार सांगताना डोळे, गाल आणि आवाज यांतील फरकही त्याने बारकाईने नोंदवले आहेत. माणूस स्वतः हसतो ते आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसवतो ते परस्थ, हा त्याचा भेद तुमच्या वडिलांच्या संदर्भात मला फार मोलाचा वाटतो, कारण इतरांवर अवलंबून राहावे लागणाऱ्या माणसालाही हसवताना काहीतरी देता येते. राहिला लेखनाचा प्रश्न. करुण प्रसंगात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तरी वाचक सांभाळून घेतो, पण विनोदी वाक्यात नेमका शब्द आधी येऊन गेला की सगळेच ओसरते. असे कसब मागणाऱ्या लेखनाला हलके म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद २
विनोदाचा सरसकट गौरव मला मान्य नाही. हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, असे फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँ यांनी 1900 साली मांडले होते, आणि त्याचा अर्थ मला शाळेतच कळला. आमच्या वर्गात अडखळत बोलणारा एक मुलगा होता. त्याला सारे हसत, मीही हसलो, आणि पुढे तो वर्गात बोलेनासाच झाला. म्हणून कोणतेही विनोदी लेखन वाचताना, इथे कोण कोणाला हसत आहे, हे मी आधी पाहतो.

प्रतिसाद ३
वरील सावधगिरी योग्यच आहे, परंतु प्रश्नकर्त्या ताईंच्या घरी हसण्याचा विषय वडिलांनी स्वतः निवडला आहे. मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझी छळछावणीत असताना त्यांनी शेजारी काम करणाऱ्या मित्रासमोर एक प्रस्ताव ठेवला होता: सुटकेनंतर घडू शकेल अशी एक तरी गमतीची गोष्ट दोघांनी रोज रचायची. छावणीतील हाल त्यामुळे कमी होणार नव्हते, पण त्या हालांकडे थोडे दूर उभे राहून पाहता येत होते. तेव्हा ताई, वडील हसवतील तेव्हा निःसंकोच हसा. ज्या दिवशी ते गप्प असतील, त्या दिवशी मात्र त्यांना हसवण्याचा आग्रह धरू नका.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. काल कथा वाचताना मला आधीच हसू फुटले आणि वाक्याचा शेवटचा शब्द तोंडातच राहिला. वडिलांनी हात वर करून मला थांबवले आणि ते वाक्य पुन्हा, नीट वाचायला लावले.