पावसाळ्यात कुजत चाललेला लाकडी डेक आणि कुंपण : दुरुस्ती नेमकी कोठून सुरू करावी?

पारसिक_पायथा (सीबीडी बेलापूर)

नमस्कार मंडळी. बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आमचे बैठे घर आहे. घर घेतले तेव्हाच मागच्या अंगणात सागाचा लाकडी डेक आणि त्याला लागून छातीएवढ्या उंचीचे लाकडी कुंपण होते. यंदाच्या पावसाने दोन्हींची अवस्था बिघडली आहे. कुंपणाचे खांब काँक्रीटमध्ये गाडलेले असून त्यांतील काही हाताने ढकलले तरी हलतात, डेकच्या भिंतीकडील फळ्यांची टोके काळी आणि मऊ पडली आहेत, प्रत्येक स्क्रूभोवती काळे ओघळ आले आहेत आणि वरचे पॉलिश पापुद्र्यांसारखे निघत आहे. शेवाळामुळे फळ्या इतक्या निसरड्या झाल्या आहेत की सासूबाईंना तिकडे जाऊ देण्याची भीती वाटते.

एका कंत्राटदाराने सगळे काढून डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्या) बसवण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्याच्या मते गणपती उठले की लगेच घासून पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) जाड थर दिल्यास काम भागेल. इंटरनेटवर जी माहिती मिळते ती बहुतेक बर्फ पडणाऱ्या देशांतील आहे. आपल्याकडील पाऊस, दमट हवा आणि खाडीचा वारा लक्षात घेता आधी काय करावे, खांब वाचतील का आणि कोणते लेपन टिकेल, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

रंधा_पटाशी (नौपाडा, ठाणे)

आपण लेपनाचा विचार सध्या पूर्णपणे बाजूला ठेवावा, कारण आपल्या वर्णनातील एकही दोष लेपनाने सुटणारा नाही. लाकूड पावसात भिजते म्हणून कुजत नाही. भिजल्यानंतर त्याला सुकायला वाव मिळत नाही म्हणून ते कुजते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाढण्यासाठी लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर आणि तोही दीर्घकाळ टिकून राहावा लागतो. मोकळ्या हवेत चारही बाजूंनी वारा लागणारी फळी सरीनंतर लवकर सुकते, परंतु काँक्रीटच्या खळग्यात उभा असलेला खांब जून ते सप्टेंबर ओलाच राहतो. म्हणून पाणी कोठे साचते आणि कोठे अडते, याचा शोध हीच दुरुस्तीची पहिली पायरी आहे.

हा शोध घेण्यासाठी फक्त एक स्क्रू ड्रायव्हर पुरेसा आहे. खांबाच्या बुडाशी, फळ्यांच्या टोकांना आणि डेकखालच्या चौकटीच्या सांध्यांत त्याचे टोक दाबून पाहावे. निरोगी लाकडात ते सहज शिरत नाही आणि उचकटल्यास लांब, तंतुमय चिवट ढलपी निघते. कुजलेल्या लाकडात टोक आत जाते आणि ढलपी आखूड तुकड्यांत, जणू भुसभुशीत होऊन तुटते. ही चाचणी प्रत्येक खांबावर करून खडूने खूण करावी, म्हणजे कंत्राटदाराशी बोलताना अंदाजाने बोलावे लागणार नाही.

सागाबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. सागाच्या मधल्या तपकिरी गाभ्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे तो बुरशी आणि वाळवी यांना दाद देत नाही. मात्र कडेचा पांढुरका भाग इतर कोणत्याही लाकडाइतकाच नाशवंत असतो, आणि कमी वयाच्या झाडांच्या लाकडात हा भाग बराच निघतो. आपल्या मऊ पडलेल्या फळ्यांच्या कडा पांढुरक्या आहेत का, ते पाहावे. बदली फळ्या घेताना वखारीत उभे राहून गाभ्याचाच माल निवडावा. त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी ते वाया जात नाहीत.

आता खांबांविषयी. खांब खोल गाडण्याचा सल्ला थंड देशांत दिला जातो, कारण तेथे जमिनीतील पाणी गोठून फुगते आणि उथळ गाडलेला खांब वर उचलला जातो. बेलापूरला असे घडत नाही, म्हणून लाकूड जमिनीत नेण्याचे ते कारणच येथे उरत नाही. आपल्याकडील जुन्या वाड्यांत आणि कोकणातील घरांत लाकडी खांब मातीत पुरत नसत, तर दगडी तळखड्यावर उभा करत. बुडाला पाणी लागू नये आणि वाळवीला थेट मातीतून चढता येऊ नये, ही त्यामागची समज आजही तितकीच खरी आहे. कुंपणाचा खांब बहुधा जमिनीलगतच्या वीतभर भागात कुजतो आणि वरचा भाग धडधाकट असतो. अशा वेळी खांब निरोगी लाकूड लागेपर्यंत खालून कापावा, काँक्रीटमधील तुकडा खोदून काढावा, खळगा भरून माथा बाहेरच्या बाजूस उतरता करावा आणि त्यावर गरम जस्तलेपन केलेला यू आकाराचा लोखंडी जोड बोल्टने बसवून खांब त्यात उभा करावा. लाकडाचे बूड आणि काँक्रीट यांत निदान एक बोट मोकळी जागा राहिलीच पाहिजे. खांबाच्या डोक्यावर उतरती टोपी बसवावी, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी आपल्या कापलेल्या टोकांतून ओढते. प्रत्येक नव्या कापावर लगेच, जोडकाम करण्यापूर्वीच, संरक्षक द्रव्याचे दोन-तीन हात द्यावेत. कुंपणाच्या आडव्या पट्ट्यांची वरची कडही थोडी उतरती करून घेतल्यास त्यावर पाणी थांबत नाही.

डेकच्या भिंतीकडील टोके काळी पडली आहेत, यावरून फळ्या भिंतीला चिकटवून बसवल्या असाव्यात असे वाटते. तेथे बोटभर फट ठेवून टोके कापून घ्यावीत. फळ्यांमधील फट सुमारे ५ मिलिमीटर असावी आणि त्यात अडकलेला पाचोळा वर्षातून अनेकदा काढावा. डोंगरालगतच्या घरांत ही काळजी विशेष घ्यावी लागते, कारण पाचोळा आणि उतारावरून वाहत येणारी माती मिळून डेकखाली ओला थर साचतो आणि हवा खेळणे थांबते. डेकच्या बाजू फळ्यांनी बंद केलेल्या असतील, तर त्या काढून जाळी बसवावी.

खाडीकाठ (सीवूड्स)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी फक्त स्क्रू आणि लोखंड यांविषयी लिहितो.

स्क्रूभोवतीचे काळे ओघळ म्हणजे कूज नव्हे. लाकडातील टॅनिन हे नैसर्गिक तुरट द्रव्य आणि गंजणारे लोखंड यांच्या संयोगाने हा डाग तयार होतो. मात्र त्याचा अर्थ असा की स्क्रू साधे किंवा हलक्या मुलाम्याचे आहेत आणि आतून झिजत आहेत, त्यामुळे एखादी फळी अचानक सुटू शकते. ते सर्व काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवावेत. खाडीच्या हवेतील क्षारांपुढे ३०४ दर्जाच्या स्टीलवरही कालांतराने तपकिरी ठिपके येतात, तर ३१६ दर्जात मॉलिब्डेनम असल्याने तो क्षारांना अधिक चांगला तोंड देतो. आमच्यासारख्या खाडीलगतच्या घरांत मी ३१६ चाच आग्रह धरेन. आपण पायथ्याशी आहात, तरीही वारा तोच आहे.

डाग काढण्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिडचे सौम्य द्रावण चालते, परंतु ते विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा वापरावा, मुले, पाळीव प्राणी आणि कुंड्या दूर ठेवाव्यात आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. स्क्रू बदलण्यापूर्वी डाग काढला तर तो पुन्हा उमटेल, हे लक्षात असू द्यावे.

फाटक लोखंडी पोकळ नळ्यांचे असेल, तर नळीच्या तळाशी पाणी बाहेर जाण्यासाठी छिद्र आहे का ते पाहावे. अशा नळ्या आतून गंजतात आणि वरचा रंग शाबूत दिसत असतानाच एके दिवशी बूड तुटते. नुसत्या रेड ऑक्साइडवर ऑइल पेंट मारण्यापेक्षा गंज पूर्ण खरवडून जस्तयुक्त प्रायमर, त्यावर इपॉक्सी आणि शेवटी पीयूचा हात, हा क्रम खाडीच्या हवेत कितीतरी जास्त टिकतो.

पारसिक_पायथा

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. डोंगराकडील बाजूचे खांब बुडाशी मऊ आहेत, वर मात्र घट्ट आहेत. डेकखालची चौकट बहुतेक ठिकाणी चांगली आहे, फक्त अंगणातील नळाजवळचा एक वासा खचला आहे. मऊ फळ्यांच्या कडा खरोखरच पांढुरक्या आहेत. आता दोन शंका आहेत. शेजारच्या काकांनी वार्निशऐवजी जवसाचे तेल सुचवले आहे, ते योग्य ठरेल का? आणि पुढच्या पावसाळ्यात डेकवर ताडपत्री अंथरून ठेवली तर चालेल का?

घोडबंदर_गच्ची (ठाणे)

तेल की वार्निश, या प्रश्नात काकांची दिशा बरोबर आहे, पण द्रव्य आपल्या हवेला मानवणारे नाही. पायाखालच्या फळ्यांवर जाड थर देणारे कोणतेही पॉलिश, मग ते कितीही महाग असो, मी देऊ नये म्हणतो. लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते आणि मार्च-एप्रिलमध्ये आकसते, वरचा थर तितका ताणला जात नाही, त्याला सूक्ष्म चिरा पडतात, त्या चिरांतून पाणी आत जाते आणि तोच थर मग ते पाणी बाहेर पडू देत नाही. शिवाय उन्हातील अतिनील किरण पारदर्शक थरातून जाऊन खालच्या लाकडातील लिग्निन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य, मोडतात, त्यामुळे थराची पकडच सुटते. आपल्याकडे निघणारे पापुद्रे हे त्याचेच लक्षण आहे. लाकडात मुरणारे, बुरशीनाशक आणि थोडा रंग असलेले बाह्य वापराचे डेक ऑइल घ्यावे. त्यातील रंगकण ऊन अडवतात, म्हणून पूर्ण पारदर्शक प्रकार टाळावा. असे तेल दरवर्षी नव्याने द्यावे लागते हे खरे, पण त्यासाठी जुना थर खरवडावा लागत नाही. धुवून, सुकवून वरून हात फिरवला की झाले.

कच्चे जवसाचे तेल सावकाश सुकते आणि दमट हवेत बुरशीला तेच खाद्य ठरते, त्यामुळे काही महिन्यांत फळ्या काळवंडतात. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. जवसाचे तेल लागलेली फडकी गोळा करून ठेवल्यास ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. कोणतेही सुकणारे तेल वापरल्यावर फडकी उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत, आणि हे कारागिरांना काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे.

कोकणात होड्यांना आणि लाकडी मेढींना काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची रीत आहे आणि ते वाळवीविरुद्ध खरोखर गुणकारी आहे. कुंपणाच्या खांबांच्या बुडांना ते लावता येईल. मात्र ते कातडीला भाजते, लाकूड काळे करते आणि सावकाश सुकते, म्हणून जेथे अनवाणी पाय किंवा हात लागतात तेथे ते नको.

ताडपत्री थेट फळ्यांवर अंथरू नये. खालून येणारा दमटपणा तिच्याखाली कोंडतो आणि ऊन लागत नाही. पाऊस अडवायचाच असेल, तर डोक्यावर उतरते छप्पर हवे आणि बाजू मोकळ्या हव्यात. शेवाळासाठी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचे यंत्र वापरले तर लाकडाचे मऊ तंतू उखडतात, त्यापेक्षा मध्यम कडक ब्रश फळीच्या लांबीच्या दिशेने फिरवावा.

ऐरोली_सेक्टर (नवी मुंबई)

डब्ल्यूपीसीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. आमच्या गच्चीवर तो आहे आणि मी समाधानी आहे, पण तो देखभालीपासून मुक्ती देतो हा समज चुकीचा आहे. त्यावरही शेवाळ येते, उन्हात तो लाकडापेक्षा जास्त तापतो, उष्णतेने लांबीत वाढतो म्हणून टोकांना फट ठेवावी लागते, आणि खालचे आधार दूर दूर असतील तर फळी लवते. आपली चौकट चांगली असेल, तर सगळे काढून टाकण्याचे कारण मला दिसत नाही.

रंधा_पटाशी (नौपाडा, ठाणे)

तपासणीचे निष्कर्ष आशादायक आहेत. वेळेविषयी राहिले होते ते लिहितो. आपल्या भागातून मोसमी पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो, म्हणून गणपतीनंतर लगेच लेपन करू नये. त्या वेळी लाकूड आतून ओले असते आणि दिलेला हात तो ओलावा आत कोंडतो. खांब कापणे, जोड बसवणे, फळ्या आणि स्क्रू बदलणे, ही कामे दसऱ्यापासून सुरू करावीत. त्यानंतर ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड सुकू द्यावे, मॉइश्चर मीटर मिळाल्यास ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास आल्याची खात्री करावी आणि मगच तेल द्यावे. थंडीच्या दिवसांत दव उडाल्यावर, म्हणजे सकाळी उशिरा काम सुरू करावे.

सासूबाईंच्या दृष्टीने मात्र थांबू नये. जाण्या-येण्याचा पट्टा आजच ब्रशने घासून घ्यावा आणि खचलेल्या वाशावरच्या फळ्यांवर कोणी पाय ठेवणार नाही अशी आडकाठी लावावी.

बदली खांबांसाठी हिरवट छटेचे, दाबाखाली औषध भरलेले पाइन कोणी सुचवल्यास ते चालेल, परंतु त्यातील औषध कोणते आहे ते विचारावे. काही जुन्या प्रकारांत आर्सेनिक असते, म्हणून त्याचे तुकडे शेकोटीत किंवा बंबात कधीही जाळू नयेत. तांबेयुक्त औषधांमुळे साधे जस्तलेपित स्क्रू लवकर गंजतात, तेथेही स्टेनलेसच लागेल.

शेवटी नळाबद्दल. तो वासा बदलण्यापूर्वी नळाखाली पक्की मोरी करून तिचे पाणी डेकच्या बाहेर काढावे, किंवा नळच दुसऱ्या भिंतीवर न्यावा. प्लंबरचे हे काम सुताराच्या आधी व्हायला हवे.