ग्रूनेवाल्डच्या १७ क्रमांकाच्या फलाटावर जाताना

प्रश्न
पुढच्या महिन्यात बर्लिनला जात आहे. नाझी राजवटीत ज्यूंना जिथून रेल्वेने हद्दपार केले, त्या ग्रूनेवाल्ड स्थानकावरील स्मारक माझ्या बारा वर्षांच्या मुलीला दाखवावे, असे मनात आहे. तिथे नेमके काय आहे आणि तिला आधी किती सांगावे?

पहिले उत्तर
एस-७ या लोकल गाडीने जाता येते आणि प्रवेश विनामूल्य आहे. फलाटाच्या दोन्ही कडांना ओतीव पोलादाच्या १८६ पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टीवर गाडी सुटल्याची तारीख, नेलेल्या ज्यू माणसांची संख्या आणि ती कुठे नेली ते कोरलेले आहे. पहिली तारीख १८ ऑक्टोबर १९४१ असून ती गाडी पोलंडमधील लोड्झ शहरात गेली. बर्लिनमधून ५०,००० हून अधिक ज्यू हद्दपार झाले. जर्मन रेल्वेने १९९८ मध्ये हे स्मारक उभारले, आणि ज्या रेल्वेने माणसे वाहून नेली तिच्याच वारसदाराने ते करणे मला आवश्यक वाटते.

दुसरे उत्तर
मुलीला आधी एवढेच सांगावे, की इथून गेलेल्या बहुतेकांचे परत येणे झाले नाही. तिचे प्रश्न आले की उत्तरे द्यावीत. रुळांमध्ये झाडे मुद्दाम वाढू दिली आहेत, ती अवश्य दाखवा. स्थानकाबाहेर शिल्पकार कारोल ब्रोन्यातोव्स्की यांची १९९१ मधील काँक्रीटची भिंत आहे. तिच्यात माणसांच्या आकृत्यांच्या केवळ पोकळ्या आहेत, आणि मी तिथेच सर्वाधिक वेळ थांबलो.

तिसरे उत्तर
पट्ट्यांवर नावे नाहीत, हे मात्र तिला आधी सांगा.